एकसष्ट नावं, चार महिने: विकिपीडियावर पान कोणाचं होतं, कोणाचं नाही

आमच्या वाचनालयात पाच जणांचा गट आहे. सांगली जिल्ह्यातल्या माणसांची मराठी विकिपीडियावर नीट पानं व्हावीत म्हणून जूनमध्ये कामाला लागलो. लेख लिहायला फार वेळ लागला नाही. वेळ खाल्ला तो 'ही व्यक्ती उल्लेखनीय आहे का', म्हणजे विकिपीडियाच्या नियमांत तिचं वेगळं पान बसतं का, या प्रश्नानं. दुसऱ्या जिल्ह्यात कोणी हेच करायला घेणार असेल तर आमच्या चुका त्यांनी पुन्हा करू नयेत, म्हणून वहीतल्या नोंदी जवळपास आहेत तशा देते आहे. खासगी माणसांची नावं गाळली आहेत.

८ जून

वाचनालय बंद झाल्यावर बसलो. मी, निवृत्त शिक्षक असलेले सर, बँकेतले काका, वकीलताई आणि इंजिनिअरिंगला असलेला पोरगा. त्यांनी नावं सांगायची, मी लिहायची. दीड तासात 61 नावं झाली.

विष्णुदास भावे, पठ्ठे बापूराव, अण्णा भाऊ साठे, क्रांतिसिंह नाना पाटील, वसंतदादा, माडगूळकर बंधू, विजय हजारे ही नावं पहिल्या दहा मिनिटांतच संपली. मग खरी यादी सुरू झाली. सरांचे गुरुजी, दोन पैलवान, एक माजी आमदार, तीन नगरसेवक, रणजी खेळलेले दोघे, मिरजेचे एक सतारकार (म्हणजे सतारी बनवणारे), चार कवी, एक कीर्तनकार बाई. 'आदर्श शिक्षक' किती ते मोजायचं मी मध्येच सोडून दिलं.

वहीत तीन रकाने आखले: नाव, गाव, कार्य. तिसरा रकाना ही आमची पहिली चूक. ती कळायला दहा-अकरा दिवस गेले.

१९ जून

सतारकार म्हणजे आमच्या पोराचे आजोबा. वारले त्याला बरीच वर्षं झाली. पोरानं उत्साहानं दोन रात्री जागून नऊशे शब्दांचा लेख लिहिला आणि १२ तारखेला चढवला. लेख वाईट नव्हता. पंढरपूरकडचा भोपळा कसा निवडायचा, तो किती दिवस वाळवायचा, जवारी लावताना, म्हणजे सूर नीट झणकावा म्हणून तारांखालची घोडी घासताना, कान कुठं ठेवायचा, हे त्यानं लहानपणी आजोबांच्या शेजारी बसून पाहिलेलं. पण मध्येच 'त्यांच्या हातांना साक्षात सरस्वतीचा स्पर्श होता' असं वाक्य होतं आणि लेखाखाली एकही संदर्भ नव्हता.

१३ ला दुपारी पानावर 'पान काढा'चा साचा, म्हणजे हे पान काढून टाकावं अशी सूचना, लागला. पोरानं चर्चा पानावर लिहिलं की तुम्हाला मिरज माहीत नाही, सतार माहीत नाही. खाली आणखी दोन वाक्यं होती, ती मी त्याला पुसायला लावली. १७ ला पान गेलं.

प्रचालकांचं (पानं काढायचा अधिकार असलेल्या विकिपीडिया सदस्यांचं) उत्तर मात्र मी वहीत उतरवून घेतलंय, कारण चार महिन्यांत त्याहून कामाचं काही कोणी सांगितलं नाही. मतितार्थ असा: ते मोठे कारागीर नव्हते असं आम्ही म्हणत नाही, ज्यांचा त्यांच्याशी काही संबंध नाही अशा कोणी त्यांच्याविषयी सविस्तर लिहिलेलं असेल तर ते दाखवा.

म्हणजे आम्ही दहा दिवस चुकीच्या प्रश्नावर भांडत होतो. माणूस किती मोठा हे तिथं कोणी ठरवत नाही आणि आपणही ठरवायचं नाही. पाहायचं ते एवढंच, की त्याच्याबद्दल आधी कोणी लिहून ठेवलंय का.

'कार्य' हा रकाना खोडला. त्या जागी 'कोणी लिहिलं? कुठं? किती?' असं लिहिलं.

या भानगडीत वाया गेले नऊ दिवस. लेखाची प्रत पोरानं ठेवली नव्हती, पण काढलेलं पान प्रचालकांना दिसतं. विनंती केल्यावर त्यांनी मजकूर त्याच्या धूळपाटीवर (कच्चं लिहायच्या पानावर) परत आणून दिला. तुम्ही सुरुवातच धूळपाटीवर करा. आणि घरच्या माणसावर स्वतः लिहू नका. आमच्याकडे आता ठरलंय, आजोबांचं पान मी बघणार, पोरगा फक्त कागद आणून देणार.

२२ जून

नियम आमच्या भाषेत लिहून भिंतीला लावला. संदर्भात तीन गोष्टी हव्यात. लिहिणारा त्या माणसाचा कोणी नसावा. छापणारा बेजबाबदार नसावा. आणि मजकूर त्या माणसाबद्दल असावा, नुसता नाव घेऊन पुढे गेलेला नसावा. असे तीन चांगले संदर्भ मिळाले की लेख लिहायला घ्यायचा. प्रत्येक भाषेच्या विकिपीडियाचे नियम तिथले सदस्य ठरवतात. इंग्रजीतले जास्त बारकाईनं लिहिलेले आहेत म्हणून अडलं की आम्ही ते वाचतो. तिथं पान आहे म्हणून इथं हवंच, किंवा तिथं नाही म्हणून इथं नको, असं मात्र धरत नाही.

हात बसावा म्हणून आधी माहीत असलेल्या नावांवर कसोटी लावून पाहिली. विष्णुदास भावे: 1843 साली सांगलीत 'सीतास्वयंवर'चा प्रयोग, मराठी रंगभूमीचा कोणताही इतिहास उघडा, पहिल्या प्रकरणात सापडतात. वेळ पाच मिनिटं. हजारे: 1952 साली मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली तेव्हाचे कप्तान. तीनच मिनिटं.

मग रणजीवाले दोघे. काकांचा आग्रह होता की रणजी खेळले म्हणजे झालंच. पूर्वी इंग्रजी विकिपीडियावर खरंच तसं चालायचं. प्रथम श्रेणीचा एक सामना खेळलेला असला तरी पान होत असे. 2022 साली चर्चा होऊन ते बंद झालं. नुसतं खेळल्यानं भागत नाही, खेळाबद्दल कोणीतरी लिहिलेलंही लागतं. आमच्या दोघांचे धावफलक मिळाले. एकाच्या सात सामन्यांचे, दुसऱ्याच्या दोनच. त्यात नाव आणि आकडे, बाकी काही नाही.

काका म्हणाले, मग भाऊसाहेब निंबाळकरांचं काय, तेही एकही कसोटी सामना खेळले नाहीत! शेजारच्या कोल्हापूरचे म्हणून त्यांनाही कसोटी लावली. 1948 च्या डिसेंबरात पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद 443. ब्रॅडमनचा 452 चा विक्रम नऊ धावांवर आलेला आणि काठियावाडच्या कप्तानानं उपाहाराला सामनाच सोडून दिला. यावर जगभर किती लिहिलं गेलंय ते पाहून काका स्वतःच हसायला लागले. निंबाळकरांचं पान होतं ते त्या लिखाणावर. आमचे दोघे 'महाराष्ट्राचे क्रिकेटपटू' अशा यादीत जातील, तेवढं पुरे.

२९ जून

कात्रणांचा दिवस. घराघरांतून पिशव्या आल्या. जमिनीवर चटई टाकून वाटणी केली आणि दुपारपर्यंत लक्षात आलं की निम्म्याहून जास्त कागद कामाचे नाहीत.

एक उदाहरण जवळून सांगते. एका समाजसेवकांची तीन कात्रणं, तीन वेगळी दैनिकं. तीन स्वतंत्र संदर्भ झाले म्हणून आम्ही खुश. वकीलताईंनी तिन्ही शेजारी शेजारी ठेवली. तिन्हींत पहिलं वाक्य तेच, तिन्हींत 'कार्यकर्तुत्व' असंच चुकीचं छापलेलं आणि शेवटी 'त्यांचे सर्व स्तरांतून अभिनंदन होत आहे'. म्हणजे घरून गेलेली प्रसिद्धीपत्रं. तीन दैनिकं असली तरी लिहिणारा एकच, आणि तो घरचाच. तेव्हापासून आम्ही कात्रणातली चूक आधी शोधतो. एकाच गावाचं नाव दोन पेपरांत सारखंच चुकलं असेल तर समजायचं की दोन्हींचा उगम एकच.

ओळखायला सोप्या आणि बाजूला ठेवायच्या गोष्टी: वाढदिवस विशेष पुरवणी (आतल्या पानांवर शुभेच्छुकांच्या जाहिराती असतातच), नियुक्तीच्या बातम्या, सत्काराच्या बातम्या, निधनवार्तेतला 'पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार' हा चौकोन. पेपरानं स्वतःचा माणूस पाठवून लिहिलेला मृत्युलेख वेगळा, तो चालतो.

पुरस्कारांचा तर ढीग. समाजभूषण, जीवनगौरव, राष्ट्रीय अमुकरत्न. पद्म, अर्जुन, साहित्य अकादमी, संगीत नाटक अकादमी असं काही असेल तर प्रश्नच येत नाही, कारण मग त्या माणसावर कोणीतरी लिहिलेलं असतंच. बाकीच्यांसाठी आमची घरगुती चाचणी: पुरस्कार देणाऱ्या संस्थेबद्दल दुसऱ्या कोणी कधी काही लिहिलंय का? एका 'राष्ट्रीय' पुरस्काराचा पत्ता शोधला तर तो फ्लेक्सच्या दुकानाचा निघाला.

६ जुलै

राजकारणी. वाटलं होतं सर्वात जास्त भांडण इथं होईल, पण इथं नियम सरळ आहे. विधानसभा, विधानपरिषद, लोकसभा, राज्यसभा यांचे सदस्य होऊन गेले असतील तर पान होऊ शकतं, कारण त्यांची नोंद सरकारी कागदात आणि वृत्तपत्रांत असते. नगरसेवक, सरपंच, सभापती यांना पदामुळे काही मिळत नाही. त्यांच्यावर वेगळं काही लिहिलेलं असेल तरच. तिन्ही नगरसेवक गळले. त्यातले एक आमच्या वाचनालयाला दरवर्षी खुर्च्या देतात, त्यामुळे ही नोंद मी जरा दबकतच करते आहे.

माजी आमदारांच्या बाबतीत मी स्वतः मोठी चूक केली. 1952 च्या निवडणुकीतलं नाव आणि प्रतिसरकारच्या काळातल्या एका कार्यकर्त्याचं नाव सारखं. मी दोघांचा एकच लेख केला. तुरुंगवास, मग आमदारकी, वाचायलाही किती छान! सरांनी वडिलांचं नाव बघायला सांगितलं. वेगळं. गावं वेगळी, वयात बारा वर्षांचा फरक. लेख दोन दिवस तसाच उभा होता. दुरुस्त केला आणि चर्चा पानावर चूक कबूल केली. तेव्हापासून पहिल्या रकान्यात नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, हे चारही भरल्याशिवाय पुढं जायचं नाही.

शोधताना अडेल अशी एक गोष्ट: 1949 ते 1960 या काळात आपल्या जिल्ह्याचं नाव 'दक्षिण सातारा' होतं. त्या वर्षांतले कागद 'सांगली जिल्हा' म्हणून शोधून आम्ही चार दिवस घालवले. त्याआधीचं तर सांगली, मिरज, जत अशा संस्थानांखाली सापडतं. निवडणूक आयोगाच्या जुन्या अहवालांत नावं रोमन लिपीत आहेत आणि स्पेलिंग मनाला येईल तसं. पाटील आडनाव असेल तर देव तुमचं भलं करो.

१३ जुलै

यादीत एक नाव 'नाना पाटलांची कन्या' असं लिहून आलं होतं: हौसाताई पाटील. वकीलताईंनी लगेच हरकत घेतली. नात्यानं उल्लेखनीयता येत नाही. वडील मोठे म्हणून मुलीचं पान होत नाही. नियम बरोबर, पण लावला घाईनं.

कागद काढले. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यांच्या घरी जाऊन सविस्तर लिहिलेलं आहे. 1943 साली भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर त्यांना 'नवऱ्यानं' मारायला सुरुवात केली. पोलीस ते भांडण बघत, सोडवत राहिले आणि तेवढ्यात साथीदारांनी चौकीतल्या बंदुका पळवल्या. सगळं ठरवून केलेलं नाटक. मारणारा जरा जास्तच मन लावून मारत होता, अशी तक्रार त्यांनी म्हातारपणीही केली होती! पुढे पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या साथीदाराला सोडवण्याच्या कामी गोव्यात गेल्या आणि येताना मांडवी नदी पार केली. सप्टेंबर 2021 मध्ये वारल्या तेव्हाही पत्रकारांनी स्वतंत्रपणे लिहिलं. यातलं काहीही वडिलांच्या वाट्याचं नाही. पहिल्या रकान्यातलं 'नाना पाटलांची कन्या' खोडून नुसतं नाव लिहिलं.

असंच पवळेच्या बाबतीत होतं. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा पठ्ठे बापूरावांच्या पानावर एका ओळीत उरकली जाते. तमाशात पहिली स्त्री म्हणून तिच्यावर वेगळं लिहिलं गेलेलं असताना. आपल्या जिल्ह्याबाहेरची आहे म्हणून ती आमच्या 61 त नाही, पण नगरकडे कोणी हे काम करत असेल तर बघा.

कीर्तनकार बाईंचं मात्र काही जमलं नाही. पन्नास वर्षं गावोगाव कीर्तनं केली, लोक अजून आठवण काढतात. छापील म्हणून हाती आल्या त्या तीन निमंत्रणपत्रिका. 'ह.भ.प.' नंतर नाव, वेळ रात्री नऊ, महाप्रसाद. पन्नास वर्षांत एकाही पेपरवाल्याला त्यांच्याकडे अर्धा तास बसावंसं वाटलं नाही. याचा राग कोणावर काढायचा? विकिपीडियावर काढून उपयोग नाही, ते नंतरचे. मी त्यांच्या सुनेला सांगितलं, ताई, कोणी पत्रकार भेटला तर आधी त्यांना घेऊन या, माझ्याकडे नंतर या.

२७ जुलै

पाऊस. नदी वाढते आहे म्हणून तिघेच जमलो.

एका पैलवानांची कात्रणं त्यांच्या पुतण्यानं वहीत चिकटवून ठेवली होती. 2019 च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं, ती वही तेव्हा तळमजल्यावर होती. आम्हाला मिळालं ते वाळवलेलं बाड. पानं एकमेकांना चिकटलेली, शाई विरघळून निळसर डाग. वाफेवर धरून चार पानं सुटली, पाचवं फाटलं. एका पानावर '...ने चितपट' एवढंच वाचता आलं. कोणी कोणाला, ते गेलं.

इथं एक गोष्ट उशिरा कळली. संदर्भ ऑनलाइन असायला लागत नाही. पेपरचं नाव, तारीख, पान क्रमांक एवढं पक्कं असलं की झालं. मग डागांच्या वहीत जिथं जिथं पेनानं तारीख लिहिलेली होती ती उतरवून घेतली आणि काका पुण्याला जाऊन दोन दिवस जुन्या फायली चाळून आले. सहा तारखांपैकी चार बातम्या मिळाल्या, त्यातल्या दोन चांगल्या लांब. पैलवानांचं पान झालं. खर्च: एसटी, मुक्काम, झेरॉक्स धरून 1,740 रुपये. काका पैसे घेत नाहीत, पण मी लिहून ठेवते.

कवींची गोष्ट पटकन. चौघांचीही पुस्तकं आहेत, तीन जणांची स्वखर्चानं छापलेली. ग्रंथसूचीत नाव असलं तर पुस्तक आहे एवढंच सिद्ध होतं. हवी होती परीक्षणं. एका कवीची नियतकालिकांत पाच निघाली, त्यात दोन सडकून टीका करणारी. टीका चालते! उलट जास्त भरवशाची. तिघांची प्रस्तावना हाच एकमेव संदर्भ, आणि प्रस्तावना मित्रानंच लिहिलेली.

१० ऑगस्ट

आज सर उठून गेले.

विषय त्यांच्या गुरुजींचा. अमृतमहोत्सवाला निघालेला गौरवांक, 160 पानं, 31 लेख. सरांच्या मते एवढं लिहिलेलं दुसऱ्या कोणावर आहे? वकीलताईंनी लेखकांची यादी वाचून दाखवली: विद्यार्थी, विद्यार्थी, सहकारी, मेहुणे, संस्थेचे सचिव, विद्यार्थी. आणि गौरव समितीच्या अध्यक्षांचाच संपादकीय लेख. सर म्हणाले, मग माणसाला ओळखणाऱ्यानं लिहायचं नाही आणि न ओळखणाऱ्यानं लिहायचं, हा कुठला न्याय? मला पटकन उत्तर देता आलं नाही. अजूनही पूर्ण देता येईल असं नाही.

वकीलताईंनी डोना स्ट्रिकलंड यांची गोष्ट काढली. मे 2018 मध्ये त्यांच्यावरचा लेख इंग्रजी विकिपीडियावर संदर्भ पुरेसे नाहीत म्हणून परत पाठवला गेला. २ ऑक्टोबरला भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. मेरी क्युरी आणि मारिया गोपर्ट मायर यांच्यानंतरची तिसरी स्त्री. ताईंना म्हणायचं होतं की नियम चुकतात, त्यामुळे 'पान नाही' म्हणजे 'लायकी नाही' असं कोणी धरू नये. सरांनी ऐकलं ते असं की आता गुरुजींना नोबेल मिळेपर्यंत थांबायचं. छत्री विसरून गेले.

२४ ऑगस्ट

सर दोन आठवड्यांनी आले, छत्री न्यायला. हातात चित्रावशास्त्रींच्या अर्वाचीन चरित्रकोशाची 1946 ची प्रत, बाइंडिंग सुटलेली. त्यांनी आमच्या यादीतली जुनी नावं त्यात शोधली होती. दोन सापडली, पाव-पाव स्तंभ. दुसऱ्या कोशकारानं स्वतंत्रपणे घेतलेली नोंद म्हणजे पक्का संदर्भ. दोन्ही नावं त्याच दिवशी निकाली. हे पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं: आधीचे चरित्रकोश, वाङ्मयकोश, मराठी विश्वकोश, जिल्हा गॅझेटियर हे क्रमानं चाळायचे, मग कात्रणांकडे वळायचं. आम्ही नेमकं उलट केलं.

गुरुजींबद्दल सर स्वतःच म्हणाले, गौरवांक बाजूला ठेवा. त्यातल्या लेखांवरून जन्मतारीख, शिक्षण असा साधा तपशील घेता येतो, उल्लेखनीयता मात्र ठरत नाही, हे त्यांनी वाचून काढलं होतं. गुरुजींनी काढलेल्या शाळेवर गॅझेटियरमध्ये आणि वृत्तपत्रांत बरंच आहे. पान शाळेचं झालं, त्यात गुरुजींचा एक परिच्छेद. सरांनीच लिहिला. त्यात एकही विशेषण नाही. मी मोजलं.

हा मार्ग आम्हाला इतका उपयोगी पडला की एकूण 13 नावं अशीच बसवली: स्वतंत्र पान नाही, पण गावाच्या, संस्थेच्या, घराण्याच्या पानात संदर्भासह दोन-चार ओळी. माणूस कुठंतरी राहतो आणि पान उडण्याची भीती नसते.

१४ सप्टेंबर

परत सतारकार. पोरानं जमवलेली 14 कात्रणं मी शांतपणे वाचली. अकरा मिरजेच्या तंतुवाद्यांवरची. शिकलगार घराणी शस्त्रांवरून वाद्यांकडे कशी वळली, भोपळे कुठून येतात, तरुण या धंद्यात का येत नाहीत, आणि मध्ये कुठंतरी 'असे अमुक यांनी सांगितले'. आजोबा अकराही ठिकाणी आहेत, पण मजकूर त्यांच्याबद्दल नाही. दोन मुलाखती. मुलाखतीत माणूस स्वतःच बोलतो, म्हणून तीही बाजूला. एक सत्काराची बातमी. म्हणजे शून्य.

पोरगा काही बोलला नाही, कात्रणं तारखेप्रमाणे लावत बसला.

आणि गेल्या आठवड्यात तो रद्दीवाल्याकडून 1979 चा एक दिवाळी अंक घेऊन आला. चाळीस रुपये. पान 87 ते 91, आजोबांवरच लेख. लिहिणारा सोलापूरकडचा, घराशी संबंध नाही, मिरजेत तीन दिवस राहून लिहिलेला. त्यात एक प्रसंग आहे. एका गवयानं तंबोरा परत आणला, म्हणाला, जवारी बिघडली. आजोबांनी तो कानाशी धरला, काही न करता दोन दिवस कोपऱ्यात ठेवला आणि तसाच परत दिला. गवई खुश. लेखकानं विचारलं तेव्हा म्हणाले, 'पावसातून आणला होता, वाळायला ठेवला.' पोराला हा प्रसंग माहीत नव्हता. तो ते पान किती वेळ धरून उभा होता.

त्या लेखात आणखी एका पुस्तकाचा उल्लेख निघाला. ते मागवलं, त्यात दोन पानं. असे दोन चांगले संदर्भ झाले. आमचा नियम तीनचा. काका म्हणाले, दोनवर चालवून घ्या, घरचाच पोरगा आहे. घरचाच आहे म्हणूनच नाही म्हटलं. लेख धूळपाटीवर आहे, सरस्वतीचं वाक्य निघालंय, भोपळ्याचा परिच्छेद दिवाळी अंकाच्या आधारानं राहिलाय. दरम्यान मिरजेच्या तंतुवाद्यांवरच्या पानात त्यांच्यावर चार ओळी गेल्या.

२८ सप्टेंबर

मधल्या काळात दोन फोन आले. एका साहेबांच्या माणसानं विचारलं, विकिपीडियाचं पान करायला किती घेता? पैसे घेऊन लिहायचं तर कोणाकडून घेतले ते उघडपणे सांगावं लागतं, 2014 पासून ते वापराच्या अटींतच आहे, असं सांगितल्यावर फोन ठेवला. दुसऱ्यांना आधीच कोणीतरी सोळा हजारांना गंडवलं होतं. पान पाच दिवस टिकलं.

हिशोब. 61 पैकी 19 जणांची पानं आधीच होती, त्यांत संदर्भ भरले. नवी झाली 9. दुसऱ्या पानांत बसवली 13. सोडली 17. अजून अडकलेली 3, त्यात सतारकार एक. खर्च 4,310 रुपये, त्यात निम्म्याहून जास्त प्रवास आणि झेरॉक्स. एका नावाला सरासरी किती वेळ लागला ते काढलं नाही, कारण भावे पाच मिनिटांत झाले आणि पैलवानांना सहा आठवडे लागले. नव्यानं करणाऱ्यांनी एक करावं: पहिल्या चाळीस मिनिटांत एकही चांगला संदर्भ हाती लागला नाही तर नाव बाजूला ठेवून पुढचं घ्यावं. आम्ही हट्टानं बसून राहिलो.

सोडलेल्या 17 नावांची पाकिटं केली आहेत. जे काही मिळालं ते आत, वर नाव, वडिलांचं नाव, गाव. कीर्तनकार बाईंच्या तीन पत्रिकाही एका पाकिटात आहेत. वाचनालयाच्या कपाटात, वरच्या खणात. पुराचं पाणी तिथवर येत नाही.

पोरगा येत्या शनिवारी इचलकरंजीच्या रद्दीवाल्याकडे जाणार आहे. तिथं सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या दिवाळी अंकांची दोन पोती पडून आहेत असं कळलंय. त्याला एक जुना फडका आणि माझं भिंग दिलंय.